अक्षरांना कुलूप कोणी घातले?

दिवाळी आली की घरोघरचे पोटमाळे उपसले जातात आणि भंगारवाल्याच्या गाडीवर वर्षानुवर्षांची अडगळ चढते. फुटकी बादली, काड्या मोडलेली छत्री, बंद पडलेला मिक्सर. अलीकडे या मंडळींच्या जोडीला काळ्या, पातळ, चौकोनी पाकिटांतल्या चकत्याही दिसतात. त्यांना फ्लॉपी म्हणत. आजच्या मुलांना त्या ठाऊक नाहीत. संगणकावर 'जतन करा' या आज्ञेपाशी जे चौकोनी चित्र असते ते याच वस्तूचे, एवढाच त्यांचा तिच्याशी संबंध उरला आहे. गेल्या वर्षी आमच्या गल्लीतल्या भंगारवाल्याने अशा चकत्यांचा एक गठ्ठा परत केला. म्हणाला, "सर, ह्यात लोखंड न्हाई, तांबं न्हाई. ह्याचं मी काय करू?"

वास्तविक त्या चकत्यांवर लोखंडाच्या गंजाचाच लेप असतो आणि त्या लेपात माणसांचे लिहिणे असते. पण भंगारवाल्याला दोष कशाला द्यावा? शिकल्यासवरल्या माणसांचेही मत तेच आहे. "ते जुने झाले, आता उघडत नाही," असे म्हणून तीही मोकळी होतात. माझे भांडण या 'उघडत नाही'शी आहे. दाराला कुलूप आपोआप लागत नसते. कोणीतरी ते घातलेले असते आणि कोणीतरी किल्ली हरवलेली असते. ते कोण, हे विचारण्यासाठी हा लेख.

मी संगणकशास्त्र शिकलेला नाही. माझे शिक्षण दहावीपाशी थांबले. शाळेत मुलांना चित्रकला शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. तेव्हा पुढे जे सांगणार आहे ते एका माणसाच्या नऊ चकत्यांपायी मला शिकावे लागले तेवढेच आहे.

आमच्या गावच्या शाळेत एक शिक्षक होते. सारे गाव त्यांना मास्तर म्हणे, म्हणून मीही तसेच म्हणतो. मास्तरांना शब्दांचा नाद. सुताराच्या पडवीत, कुंभाराच्या आव्याशी, मोट हाकणाऱ्या गड्याशेजारी बसून ते वह्यांत शब्द उतरवून घेत. वाकस, किकरे, पटाशी. पायली, चिपटे, मापटे. शब्द कोशात असो वा नसो, तो आमच्या गावात कोण कशासाठी वापरतो, हे त्यांना हवे असे.

१९८४-८५ साली केंद्र सरकारने शाळांसाठी 'क्लास' नावाची संगणक-साक्षरतेची योजना काढली. पहिल्या फेरीत देशातल्या सुमारे अडीचशे शाळा निवडल्या गेल्या. त्यांना मिळालेले संगणक म्हणजे इंग्लंडातल्या केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने १९८१ साली काढलेले 'बीबीसी मायक्रो'. पुढे योजना वाढली तेव्हा तसलाच एक आमच्या शाळेत आला. इतर शिक्षक त्याला हात लावायला भीत. मास्तरांनी मात्र शाळा सुटल्यावर एकेक वही त्याच्यात उतरवायला घेतली.

त्या यंत्राला देवनागरी येत नव्हती. मास्तरांनी रोमन लिपीत लिहिले आणि स्वतःची एक पद्धत बसवली. लहान 'एल' म्हणजे ल, मोठा 'एल' म्हणजे ळ. लहान 'एन' म्हणजे न, मोठा 'एन' म्हणजे ण. चकतीच्या एका बाजूवर ३१ फायलींहून अधिक मावत नसत आणि फायलीचे नाव ७ अक्षरांपलीकडे जाऊ शकत नसे. कुंभार रोमन लिपीत बरोबर सात अक्षरांत बसतो. चांभाराची आठ होतात, म्हणून मास्तरांनी त्यातले एक गाळले. आणि ज्या शब्दापुढे त्यांनी ब्रिटिश पौंडाची खूण केली, तो शब्द वापरणारे माणूस गावात उरलेले नाही, असा त्यांचा संकेत. मला एकदा हसत म्हणाले होते, "हे इंग्रजी नाणं आपल्या काही कामाचं नाही. म्हटलं, गेलेल्या शब्दांना लावावं."

मास्तर निवृत्त झाले. वह्या त्यांच्या घरी राहिल्या, चकत्या शाळेच्या वरच्या मजल्यावरच्या कपाटात. २००३ साली त्यांच्या मनात पुस्तक छापायचे आले आणि त्यांनी चौथ्या क्रमांकाची चकती माझ्या हाती दिली. तिच्यावर त्यांच्या अक्षरात लिहिले होते : 'पाणी'. विहीर, मोट, पाट, बांध यांचे सारे शब्द तिच्यात होते.

मी ती जिल्ह्याच्या गावी एका संगणकाच्या दुकानात नेली. तिथल्या एका जुन्या यंत्राला सव्वापाच इंची खाच होती. चकती तिच्यात नीट बसली, घरघरली, आणि पडद्यावर इंग्रजीत अक्षरे उमटली : ही चकती फॉरमॅट केलेली नाही, आता करायची का? दुकानातला मुलगा म्हणाला, "सर, रिकामी दिसतेय. करू का फॉरमॅट?"

मी म्हणालो, "करा."

मला वाटले, फॉरमॅट म्हणजे काहीतरी नीटनेटके करणे असेल. दोन मिनिटांत मास्तरांचे 'पाणी' आटले.

हे असे का झाले ते थोडे सविस्तर सांगतो, कारण सारा खटला त्यावरच उभा आहे. सव्वापाच इंची फ्लॉपी १९७६ साली अमेरिकेतल्या शुगार्ट कंपनीने आणली. पुढे कोरी चकती बहुतेक यंत्रांना एकच चाले. दुकानातून एकच खोके आणावे आणि चार निरनिराळ्या यंत्रांच्या मालकांनी वाटून घ्यावे. मात्र वापरण्यापूर्वी प्रत्येक यंत्र तिच्यावर आपल्या पद्धतीच्या अदृश्य रेघा आखून घेई. एकाच कोऱ्या कागदाची कोणी दुरेघी वही करावी, कोणी चौकटीची, तसे. आमचा बीबीसी मायक्रो एका बाजूवर ४० वर्तुळे आखी, दर वर्तुळाचे १० भाग पाडी आणि दर भागात २५६ अक्षरे ठेवी. एकूण १०० किलोबाइट. आयबीएमचा पीसीही ४० वर्तुळेच आखी, पण दोन्ही बाजूंवर, दर वर्तुळाचे ९ भाग, दर भागात ५१२ अक्षरे, एकूण ३६०. ॲपलची वर्तुळे ३५. कमोडोरचीही ३५, पण बाहेरच्या वर्तुळाचे २१ भाग आणि आतल्याचे १७. त्यातून लोहकणांत शून्य आणि एक कसे उमटवायचे याची रीत निराळी. बीबीसीची रीत जुनी, विरळ लिहिण्याची. पीसीची दाट लिहिण्याची. पीसीतल्या पुष्कळ कंट्रोलर चिपना ती विरळ लिपी मुळी वाचताच येत नाही.

एकाच घराण्यातही सुख नव्हते. आयबीएमने १९८४ साली १.२ मेगाबाइटची नवी फ्लॉपी आणली. तिचे लिहिणारे डोके अरुंद. त्या नव्या यंत्रात जुन्या चकतीवर दुरुस्ती केली की रुंद जुन्या रेघेच्या मधोमध नवी बारीक रेघ पडे आणि दोन्ही कडांना जुने लिहिणे शिल्लक राही. ती चकती परत जुन्या यंत्रात घातली की त्याचे रुंद डोके नवे-जुने एकदम वाची आणि त्याला काहीच धड लागत नसे. सुनेने लिहिलेली चिठ्ठी सासूला लागू नये, तशातला प्रकार!

तर मास्तरांची चकती त्या दुकानात खाचेत बसली, फिरली, समोर लिहिलेले होते, आणि यंत्राला त्यातले एक अक्षर लागले नाही. इथवर माझी तक्रार नाही. परकी लिपी न येणे हा काही अपराध नव्हे. पण 'मला हे वाचता येत नाही' असे ते यंत्र म्हणाले नाही. ते म्हणाले, 'इथे काही लिहिलेले नाही, पुसून घेऊ का?' आपल्या अडाणीपणाला दुसऱ्याचा कोरेपणा ठरवण्याचा हा उद्धटपणा कोणी शिकवला?

महाराष्ट्राला हे दुःख नवे नाही. वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून जुनी दप्तरे गोळा करीत होते आणि १८९८ साली त्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड निघाला, तेव्हा मोडी वाचणारी माणसे गावोगाव होती. तरीही किती कागद वाण्याच्या पुडीला गेले असतील कोण जाणे! मोडी निदान माणसाला शिकता येते, आजही येते. चकतीवरचे लिहिणे जगातल्या कोणत्याही विद्वानाला डोळ्यांनी वाचता येणार नाही. तिथे वाचणारे यंत्र गेले की विद्याच गेली.

आता आरोपी. पहिला आरोपी यंत्रे करणारा कारखानदार. त्याच्या बाजूने सांगतात की ती तंत्राची अडचण होती, जो तो आपापल्या बुद्धीने वाट काढीत होता. यात तथ्य आहे, आणि ते मी मान्य करतो. ॲपलच्या स्टीव्ह वॉझ्नियॅक यांनी १९७८ साली थोडक्या चिपांत जी फ्लॉपीची रचना बसवली, ती हुशारीची होती. हुशारीवर माझा राग नाही. परंतु १९८१ चा ऑस्बोर्न आणि १९८२ चा केप्रो या दोन यंत्रांकडे पाहा. दोघांची कार्यप्रणाली एकच, सीपी/एम नावाची. त्याच प्रणालीच्या आधीच्या आठ इंची चकत्यांना आयबीएमच्या आखणीचा एक समाईक साचा होता आणि त्यावर देवाणघेवाण चाले. चकती लहान झाली आणि साचा मोडला. ऑस्बोर्नवर लिहिलेले मूळच्या केप्रोत सरळ वाचता येईना. यात कोणाची हुशारी? गिऱ्हाईक एकदा आत आले की त्याला बाहेर पडणे जड जावे, यात फायदा कोणाचा, हे लहान मूलही सांगेल.

आणि वाट निघतच नव्हती असेही नाही. वॉर्ड क्रिस्टेनसेन यांनी १९७७ साली एक्समोडेम नावाची साधी रीत काढली : मजकूर १२८ अक्षरांच्या तुकड्यांनी तारेवरून पाठवायचा, प्रत्येक तुकड्याबरोबर त्याची बेरीज पाठवायची, बेरीज जुळली नाही तर तुकडा पुन्हा मागायचा. वाण्याच्या हिशेबाइतकी सोपी गोष्ट! १९८१ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कर्मिट निघाले, तेही एकमेकांशी न बोलणाऱ्या यंत्रांत मजकूर नेण्यासाठीच. आणि ॲपलने १९८८ साली मॅकिंटॉशला जी नवी ड्राइव्ह दिली, तिला पीसीच्या साडेतीन इंची चकत्या वाचता येऊ लागल्या. मनात आले तेव्हा जमले. याचा अर्थ त्याआधी मनात आले नव्हते.

दुसरा आरोपी खरेदीदार. सरकार, संस्था, शाळा. यंत्र घेताना किती अक्षरे मावतात हे विचारले, किंमत किती हे विचारले, दुरुस्ती कोण करणार हेही विचारले असेल. पण यात घातलेले उद्या दुसऱ्या यंत्रात कसे न्यायचे, हे विचारल्याचे आमच्या शाळेच्या दप्तरात तरी कुठे आढळत नाही. अभिमन्यूची गोष्ट आपण पोराबाळांना सांगतो आणि स्वतः मात्र जन्मभर चक्रव्यूहात शिरण्याचेच दर विचारत बसतो.

तिसरा आरोपी मी. "करा" म्हणणारा मीच होतो. एका माणसाच्या शब्दांची चकती हातात असताना, न कळणाऱ्या प्रश्नाला घाईने 'हो' म्हणालो. मास्तर मला एका शब्दाने बोलले नाहीत. "वही आहे," एवढेच म्हणाले.

पण वहीही राहिली नाही. पुढे मास्तर गेले. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचा महापूर आला, त्यात त्यांच्या घराच्या आढ्याला पाणी लागले. पाणी ओसरल्यावर वह्यांचा लगदा आम्ही घमेल्याने काढला. तेव्हा 'कागदच बरा' म्हणणाऱ्यांनी थोडे थांबावे. कागदाला वाळवी आहे, पाणी आहे, आग आहे. मास्तरांचे जे काही उरले ते शाळेच्या वरच्या मजल्यावर होते : आठ चकत्या.

त्या आठ चकत्या कशा उघडल्या ते सांगतो; कोणाच्या तरी उपयोगी पडेल. आधी प्रत्येक पाकिटाच्या कडेची खाच कागदी पट्टीने बुजवली. सव्वापाच इंची चकतीची ती खाच बुजवली की यंत्राला तिच्यावर लिहिता येत नाही आणि कोणी चुकून 'हो' म्हटले तरी पुसता येत नाही. हे मला २००३ साली ठाऊक असते तर! मग शाळेचा बीबीसी मायक्रो काढला. पहिल्यांदा बटण दाबले तेव्हा म्हाताऱ्या कपॅसिटरने भसकन धूर सोडला. बाजारपेठेतल्या टीव्ही दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांनी तो बदलून दिला आणि पैसे घेतले नाहीत. तेही मास्तरांचे विद्यार्थी. त्या यंत्राच्या पाठीशी पाच छिद्रांची एक गोल खाच आहे, तिथून तारेने दुसऱ्या यंत्राशी बोलता येते. आणखी एका माजी विद्यार्थ्याने तीन तारांची केबल जोडली, यंत्रातल्या बेसिक भाषेत छोटी आज्ञावली हाताने टाइप केली, आणि सेकंदाला सुमारे ९६० अक्षरे या वेगाने मास्तर पुन्हा बोलू लागले. सहा चकत्या अशा निघाल्या.

उरलेल्या दोहोंना बुरशी होती. त्या पुण्याला एका हौशी गृहस्थांकडे नेल्या. त्यांच्याकडे ग्रीझवीझल नावाची तळहाताएवढी पाटी आहे. कीर फ्रेझर यांनी तिची आज्ञावली सर्वांना मोकळी करून दिली आहे. ती पाटी चकतीवर कोणाची लिपी आहे याची पंचाईत करीत नाही. चुंबकीय खुणा किती अंतराने येतात तेवढे मोजून जशाच्या तशा नोंदून घेते. लिपी मागाहून सावकाश लावायची. न कळणाऱ्या मजकुराशी कसे वागावे याचा धडा त्या दुकानातल्या यंत्रापेक्षा हिने चांगला गिरवला आहे! एक चकती पुरी वाचली गेली, दुसरी निम्मी.

पुढेही गमती झाल्या. बीबीसी ओळ संपल्याची खूण एका रीतीने करतो, आजचे संगणक दुसऱ्या रीतीने. त्यामुळे सगळे शब्द एका लांबच लांब ओळीत आले. ते सुधारले. पण मास्तरांची पौंडाची खूण कुठेच दिसेना. तिच्या जागी एक उलटा बारीक स्वल्पविराम होता. कचरा समजून तो काढून टाकण्याच्या बेतात आम्ही होतो. मग कळले की बीबीसीत ९६ या क्रमांकावर पौंड बसतो आणि इतर यंत्रांत तो उलटा टिंब. म्हणजे एका 'साफसफाई'त गेलेल्या शब्दांची सारी नोंद गेली असती, आणि मी दुसऱ्यांदा "करा" म्हणालो असतो.

हे दुखणे आमच्या खेड्यापुरते नाही. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा खेळ पुष्कळांच्या घरी खेळला गेला असेल. त्याचे कर्ते जॉर्डन मेकनर यांच्या हाताची मूळ आज्ञावली हरवली होती. २०१२ साली वडिलांच्या घरी जुन्या खोक्यात फ्लॉप्या सापडल्या आणि जाणत्यांनी जुनी यंत्रे जोडून ती सोडवली. अँडी वॉरहॉल या चित्रकाराने १९८५ साली अ‍ॅमिगा संगणकावर काढलेली चित्रे २०१४ साली कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संगणक-मंडळाच्या मुलांनी अशीच चकत्यांतून बाहेर काढली. मोठ्यांच्या चकत्यांसाठी माणसे धावतात. गावच्या मास्तरांच्या चकत्यांसाठी कोण धावणार? आपणच.

मराठी लिहिणाराला तर दुहेरी कुलूप होते. माझी पहिली कादंबरी साडेतीन इंची चकतीवर आहे. ती चकती आजही उघडते, पण आत वाचावे तर इंग्रजी अक्षरे, टिंबे आणि कंस यांचा भाताचा गोळा! कारण त्या काळी अक्षरजुळणीच्या प्रत्येक फॉन्टची 'क' ठेवण्याची जागा वेगळी. वास्तविक १९९१ साली भारतीय लिपींसाठी 'इस्की' हे सरकारी प्रमाण आले होते आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीही होती. प्रमाण होते, पाळायचे कोणाला होते?

कोणी म्हणेल, आता फ्लॉपी संपली, सगळे दूर कुठेतरी साठवलेले असते, भांडण मिटले. मिटले कसे? चकती निदान कपाटात होती. आजचे आपले फोटो, पत्रे, हिशेब ज्या अ‍ॅपांत आहेत, त्यांतून ते साध्या रूपात बाहेर कसे काढायचे हे आपल्यापैकी किती जणांना येते? मी माझ्या शिक्षक-सहकाऱ्यांना विचारले. एकाने हात वर केला, तोही पाणी प्यायला जाण्यासाठी.

तेव्हा माझे मागणे थोडके आहे. शाळेने, ग्रंथालयाने, सरकारने यंत्र वा आज्ञावली घेताना एक अट लेखी घालावी : आमचे लिहिणे साध्या, सर्वांना वाचता येईल अशा रूपात आम्हाला कधीही बाहेर नेता आले पाहिजे. जो विक्रेता हे कबूल करणार नाही त्याच्या दारी जाऊ नये. आणि घरच्यांनी येत्या लक्ष्मीपूजनाला वह्या पुजताना त्या जुन्या खोक्याकडेही एकदा पाहावे. लोहाचा लेप झिजतो आहे, वाचणारी यंत्रे दर वर्षी कमी होताहेत. चकती कोणाची आहे ते विचारा, खाच बुजवा, आणि यंत्राने काही विचारले तर आधी 'नको' म्हणा.

आमच्या नववीच्या मुलांनी मास्तरांचे शब्द आता देवनागरीत लावले आहेत. लहान-मोठ्या 'एल'ने ल आणि ळ जागच्या जागी बसले. पौंडाच्या खुणा मोजल्या; मास्तरांनी केल्या होत्या त्यापेक्षा आज कितीतरी अधिक कराव्या लागतील. चौथे प्रकरण मात्र कोरे आहे. धाव, थारोळे, नाडा, सोंदूर, एवढे मला आठवतात ते मी लिहून ठेवले. मोटेवर बसून मास्तरांनी आणखी कोणते शब्द टिपले होते, हे आता कोणालाच सांगता येणार नाही.